परदेशी महाविद्यालयांना कोणते गुण पाठवावेत?



मुदत ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी मागील अंकात लिहिले होते आणि राहिलेला भाग या वेळी पुरा करण्याचे कबूल केले होते. ते काम एक महिना पुढे ढकलतो आहे. मध्यंतरी तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. त्याचे उत्तर डिसेंबरच्या आत मिळाले नाही, तर त्या घरांना त्याचा काहीच उपयोग उरणार नाही.

प्रश्न असा : मुलाने अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी ‘सॅट’ ही परीक्षा दोनदा किंवा तीनदा दिली आहे. प्रत्येक वेळचे गुण निराळे आले. तर कोणत्या महाविद्यालयाला कोणते गुण पाठवावेत? कोठे पाठवूच नयेत? आणि कमी पडलेले गुण न कळवणे हे असत्यात मोडते काय? हा शेवटचा प्रश्न बहुधा घरातील वडीलधाऱ्यांचा असतो. तरुण मंडळी तो हसण्यावारी नेतात. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्यांनी मला घरी बोलावले. मी शाखाधिकारी असताना त्यांच्या पेढीचे खाते माझ्याकडे होते, तेव्हापासूनचा हा घरोबा. नातू बारावीत, शिक्षण राज्य मंडळाचे, आणि अर्थशास्त्र व व्यवस्थापन शिकण्यासाठी त्याला अमेरिकेत जायचे होते. टेबलावर सॅटचे तीन निकाल मांडलेले होते. मुलाचे वडील म्हणाले, “साहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांची कागदपत्रे तपासलीत. यातला कोणता कागद पाठवू ते सांगा.”

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘कॉलेज बोर्ड’ नावाची अमेरिकेतील ना-नफा संस्था ही परीक्षा घेते. वाचन-लेखन आणि गणित असे तिचे दोन विभाग आहेत. प्रत्येक विभागाला २०० ते ८०० गुण, म्हणजे एकूण ४०० ते १६००. मार्च २०२३ पासून अमेरिकेबाहेरील विद्यार्थी ती संगणकावर देतात. वर्षातून अनेकदा ती होते आणि विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा बसता येते. आपल्याकडील परीक्षांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. जेईई मेन दोन सत्रांत होते खरी, परंतु दोहोंपैकी चांगला स्कोअर क्रमवारीसाठी परीक्षा घेणारी संस्था आपण होऊन धरते, विद्यार्थ्याला काही ठरवावे लागत नाही. सॅटमध्ये मात्र कोणत्या दिवसाचा निकाल कोणाला पाठवायचा हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. २००९ पासून कॉलेज बोर्डाने ही मुभा दिली असून तिला ‘स्कोअर चॉइस’ म्हणतात. अट एकच आहे. दिवस निवडता येतो, पण त्या दिवसातला एखादाच विभाग निवडता येत नाही. ऑगस्टचे गणित पाठवायचे तर ऑगस्टचे वाचन-लेखनही सोबत जाते.

त्या मुलाचे आकडे असे होते. मार्च : वाचन-लेखन ६१०, गणित ७२०, एकूण १३३०. ऑगस्ट : ६५० आणि ७७०, एकूण १४२०. ऑक्टोबर : ७०० आणि ६९०, एकूण १३९०. ऑक्टोबरच्या वेळी त्याने सारा भर वाचनावर दिला आणि गणिताचा सराव सोडला, हे त्याने न विचारता कबूल केले.

मी तीनही कागद पाहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की ऑगस्टचा पाठवा, बाकीचे दोन कपाटात ठेवा. ताळेबंद पाहण्याची सवय लागलेल्या माणसाची नजर शेवटच्या ओळीतील बेरजेवर जाते, तशी माझीही गेली. मुलगा संकोचून म्हणाला, “अंकल, पण बरीच कॉलेजं बेरीज बघतच नाहीत.” आणि त्याने मला जे समजावले ते ऐकून मी माझा सल्ला तेथल्या तेथे मागे घेतला.

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये ‘सुपरस्कोअर’ धरतात. म्हणजे विद्यार्थ्याने ज्या ज्या दिवसांचे निकाल पाठवले असतील त्यांतील प्रत्येक विभागाचे सर्वाधिक गुण ती स्वतः उचलतात आणि त्यांची नवी बेरीज करतात. एमआयटीसारखी नामांकित संस्थाही प्रत्येक विभागाचा उच्चांक धरते. या हिशेबाने मुलाचे ऑगस्टचे गणित ७७० आणि ऑक्टोबरचे वाचन-लेखन ७०० मिळून १४७० होत होते. मी कपाटात ठेवायला सांगितलेल्या कागदात त्याचे पन्नास गुण दडलेले होते.

आपल्या वाचकांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. २०१० साली महाराष्ट्र शासनाने दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याचे ठरवले, तो ‘बेस्ट फाइव्ह’चा वाद अनेकांना आठवत असेल. आयसीएसई मंडळाच्या पालकांनी त्याला आव्हान दिले, जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला आणि तोवर अकरावीला जाणारी मुले घरी बसून राहिली. ज्यांची मुले त्या वर्षी दहावी झाली त्या आईबापांच्या जिवाची झालेली घालमेल मी शाखेतल्या काउंटरवर पाहिली आहे. सहा विषयांतून पाच निवडणे आणि तीन दिवसांतून दोन विभाग निवडणे यामागची कल्पना एकच आहे : मुलाला जे जास्तीत जास्त येते त्यावरून त्याला जोखावे.

परंतु सर्वच महाविद्यालये असे करत नाहीत. काही ठिकाणी एकाच दिवसाची सर्वोत्तम बेरीज धरतात. तेथे ऑगस्टचा एकटा निकाल पुरेसा होतो. आणि काही थोडी महाविद्यालये अशी आहेत की ती म्हणतात, तुम्ही जितक्या वेळा परीक्षेला बसलात तितके सगळे निकाल आम्हाला हवेत. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन विद्यापीठाचा नियम वर्षानुवर्षे असाच राहिलेला आहे. मुलाच्या यादीत जॉर्जटाऊन होते आणि तेथेच घरातील खरा वाद पेटला.

प्रवेशासाठी नेमलेल्या सल्लागाराने सांगितले होते की जॉर्जटाऊनला ऑगस्ट आणि ऑक्टोबर एवढेच कळवा, मार्चच्या १३३०चा उल्लेखच करू नका. कॉलेज बोर्ड आपण होऊन कोणाला काही कळवत नाही, त्यामुळे उघडकीस येण्याचा प्रश्नच नाही. वडिलांना ते पटू लागले होते. फी भरलेला माणूस सांगतो आहे आणि सगळेच असे करत असणार, हा त्यांचा युक्तिवाद. तेवढ्यात आतापर्यंत गप्प बसलेले आजोबा, ज्यांना मी बाबूजी म्हणतो, बोलले. त्यांचा आक्षेप जॉर्जटाऊनपुरता नव्हता. त्यांचे म्हणणे होते की कोणत्याच महाविद्यालयाला निवडून गुण पाठवू नयेत. “पन्नास वर्षे भुसारात काढली,” ते म्हणाले. “वानगी एक दाखवायची आणि पोत्यातून माल दुसरा निघायचा, याला आमच्यात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतेच. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे, तो हाच. उत्तम वस्तूच्या नावाखाली हलकी वस्तू देणे. त्याच्याच शेजारी मापात कमी-अधिक करण्याचा ‘हीनाधिकमानोन्मान’ हा अतिचार आहे. आपल्या आचार्यांना बाजारपेठेचे किती बारकाईने ज्ञान होते, हे या दोन शब्दांवरून कळते.

मी बाबूजींना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. चहा झाला, मग मला सुचले ते असे. वानगीत फसवणूक होते ती कधी? घेणारा समजतो की ही मूठ पोत्यातून सहज काढलेली आहे, आणि देणाऱ्याने तर ती दाणा दाणा निवडून आणलेली असते. घेणाऱ्याचा समज आणि वस्तुस्थिती यांत देणाऱ्याने जाणूनबुजून अंतर ठेवले, म्हणून ते पाप. येथे तसे अंतर आहे काय? जे महाविद्यालय स्कोअर चॉइस मान्य करते त्याला पक्के माहीत असते की समोर आलेला निकाल हा कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातला, निवडून पाठवलेला आहे. त्याने स्वतःच तसे लिहून दिलेले असते. घेणारा म्हणतो, तुझ्याकडची सर्वोत्तम मूठ आण, ती सर्वोत्तम आहे हे समजूनच मी पाहीन. अशा ठिकाणी निवड करण्यात कोणाची दिशाभूल होत नाही.

आता दुसरा गिऱ्हाईक घ्या. तो वानगी मानत नाही. गोदामात येतो, हातात लोखंडी नळी घेतो आणि सांगतो की प्रत्येक पोत्यात ती खुपसून पाहणार. त्याला आपण कोपऱ्यातले एक पोते ताडपत्रीखाली झाकून ‘एवढीच पोती आहेत’ असे सांगितले, तर तेथे मात्र बाबूजींचा शब्द शंभर टक्के लागू पडतो. बँकेतही हेच. कर्जदाराकडे आम्ही तीन वर्षांचे ताळेबंद मागत असू. त्यातले तोट्याचे वर्ष गाळून कोणी दोनच आणले, तर त्या दोन्हींतील आकडे अचूक असूनही तो अर्ज खोटा ठरे.

शिवाय प्रवेशअर्जाच्या शेवटी विद्यार्थ्याला प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे लागते की मी दिलेली माहिती खरी आणि संपूर्ण आहे. ‘संपूर्ण’ या शब्दाखाली सतरा वर्षांच्या मुलाची सही असते, सल्लागाराची नसते. पुढे काही निघाले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. पण हे दंडाचे भय बाजूला ठेवू. प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताचे अतिचार म्हणताना ‘कूडलेह’ हा शब्द आपण सारे उच्चारतो. खोटा लेख. व्यापाऱ्याच्या घरात तो शब्द आजवर चोपडीपुरता होता, आता तो संगणकावरील अर्जालाही लागतो. बाबूजींनी नातवाकडे पाहून एवढेच विचारले, “संवत्सरीला म्हणतोस ना?” मुलाने मान डोलावली आणि जॉर्जटाऊनपुढे ‘तिन्ही’ असे लिहून टाकले.

यातली गंमत अशी की मार्चचा निकाल झाकून मिळणार काहीच नव्हते. जॉर्जटाऊन सगळे निकाल मागवते, पण त्यांतूनही प्रत्येक विभागाचे सर्वाधिक गुणच विचारात घेते. तेथेही मुलाचे ७०० आणि ७७० च धरले जाणार होते. सल्लागाराने नियमाचे पहिले वाक्य वाचले असावे, दुसऱ्यापर्यंत तो पोहोचला नसावा.

राहिला प्रश्न गुण पाठवणे ऐच्छिक असलेल्या महाविद्यालयांचा. २०२० साली कोरोनामुळे परीक्षा केंद्रे बंद पडली तेव्हा बहुतेक महाविद्यालयांनी सॅटची सक्ती उठवली. पुढे काहींनी ती परत आणली : एमआयटीने मार्च २०२२ मध्ये, डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये. कोलंबिया विद्यापीठाने मात्र २०२३ मध्ये ऐच्छिक धोरण कायमचे केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली आणि लॉस एंजेलिसही त्यात आले, प्रवेश देताना हे गुण पाहतच नाही. १६०० पैकी १६०० मिळाले तरी नाही. आपल्या एका परिचितांनी तेथे निकाल पाठवण्यासाठी पैसे भरले. ते दान समजावे, पण ज्ञानदानात त्याची गणना होणार नाही.

ऐच्छिक ठिकाणी आपले लोक फार घाबरतात आणि पाठवण्यासारखे गुणही झाकून ठेवतात. हा दोष आपल्याच लोकांत आहे असे नाही. डार्टमथने सक्ती परत आणण्यापूर्वी आपल्याच प्राध्यापकांकडून अभ्यास करवून घेतला. त्यात आढळले की साधारण परिस्थितीतील अनेक विद्यार्थ्यांनी जे गुण कळवले असते तर त्यांच्या प्रवेशाला मदतच झाली असती, नेमके तेच गुण लपवले होते. ते महाविद्यालय मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात वाचते. मुलांनी मात्र आपली तुलना श्रीमंत शाळांतील मुलांशी केली आणि मान खाली घातली. मला हा साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद भाग वाटतो. लबाडीने झाकलेल्या गुणांपेक्षा भीतीने झाकलेले गुण बहुधा अधिक असतील.

मग ठरवावे कसे? बहुतेक महाविद्यालये ‘कॉमन डेटा सेट’ या नावाने दरवर्षी आपली आकडेवारी प्रसिद्ध करतात. त्यात प्रवेश घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांचे गुण दिलेले असतात : एक आकडा असा की ज्याच्या खाली चतुर्थांश विद्यार्थी आहेत, आणि दुसरा असा की ज्याच्या वर चतुर्थांश आहेत. आपले गुण या दोहोंच्या मध्यावर किंवा वर असतील, तर विचार करण्याचे कारण नाही, पाठवावेत. खालच्या आकड्याच्याही बऱ्याच खाली असतील, तर ऐच्छिक ठिकाणी न पाठवणे शहाणपणाचे. अडचण मधल्या पट्ट्याची असते. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या वर्षी गुण कळवणे ऐच्छिक असते त्या वर्षीचे आकडे फक्त कळवणाऱ्यांचे असतात, आणि कळवतात कोण? ज्यांना चांगले पडले ते. त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षाहून फुगलेले दिसतात. जोखीम मोजणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ही चूक ओळखीची आहे.

पुण्यातील मराठी किंवा राज्य मंडळाच्या शाळेतून जाणाऱ्या मुलाने तर मधल्या पट्ट्यातले गुण पाठवावेतच, असे माझे मत झाले आहे. आपल्या मंडळाचे ८५ टक्के म्हणजे किती, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला नेमके उमगेलच असे नाही. सॅट हा त्याच्या ओळखीचा गज आहे. अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाचे गणित भक्कम असेल, तर एकूण बेरीज थोडी कमी असूनही तो निकाल त्याच्या बाजूने साक्ष देतो. एमआयटीने सक्ती परत आणली तेव्हा गणिताची तयारी जोखण्याचेच कारण पुढे केले होते.

व्यापारी घरांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, ती फुकट अहवालांची. परीक्षेची नोंदणी केल्यापासून परीक्षेनंतरच्या नवव्या दिवसापर्यंत चार महाविद्यालयांना निकाल विनामूल्य पाठवता येतो. नंतर प्रत्येक अहवालाचे पैसे पडतात. ‘चार फुकट आहेत’ म्हटल्यावर आपला हात आपोआप पुढे होतो. परंतु निकाल लागतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे हे चार अहवाल गुण कळण्यापूर्वीच रवाना करण्याचे ठरते, तेथे निवडीचा हक्क संपतो आणि एकदा गेलेला अहवाल परत मागवता येत नाही. सर्व निकाल मागणाऱ्या महाविद्यालयाला हे चार अहवाल बिनधास्त द्यावेत, तेथे निवड नसतेच. इतरांसाठी पैसे मोजून, आकडा पाहून पाठवावे. शिवाय अनेक महाविद्यालये अर्जाच्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले गुण मान्य करतात आणि अधिकृत अहवाल प्रवेश निश्चित झाल्यावर मागतात. तेथे आधी खर्च करण्याची गरज नाही. लिहिलेला आकडा अहवालाशी तंतोतंत जुळला पाहिजे एवढेच.

त्या मुलाच्या यादीत अकरा महाविद्यालये होती. एकाला तीनही निकाल गेले, सहा सुपरस्कोअरवाल्यांना ऑगस्ट आणि ऑक्टोबर, दोघांना एकटा ऑगस्ट, आणि दोन ठिकाणी गुण पाहत नसल्यामुळे काहीच नाही. ही सगळी विभागणी प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा त्या वर्षीचा नियम स्वतः वाचून मुलानेच केली, आणि दोन संध्याकाळींत ती पुरी झाली. वडिलांच्या मनात डिसेंबरमध्ये चौथ्यांदा परीक्षा द्यावी असे होते. मी विरोध केला. बारावीचे वर्ष, वर एका परीक्षेचे शुल्क नऊ-दहा हजारांच्या घरात. पैशाचे एक वेळ सोडा, पण त्या मुलाचे डोळे थकलेले दिसत होते. त्याला पुढे कोठे प्रवेश मिळाला ते मी येथे लिहीत नाही. घरच्यांनी तशी विनंती केली आहे, आणि एका मुलाच्या यशापयशावरून कोणी आपल्या मुलाचे गणित मांडू नये असे मलाही वाटते.

जाता जाता एक सूचना. सॅटच्या खात्यातील नाव, पासपोर्टवरील नाव आणि प्रवेशअर्जातील नाव एकसारखे असावे. आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये येते, दुसरीकडे ते गळते, तिसरीकडे आडनाव आधी लागते. मग पाठवलेला निकाल अर्जाशी जुळत नाही आणि महाविद्यालय ‘गुण मिळाले नाहीत’ असे कळवते. अर्जाची मुदत अनेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि नाताळच्या सुटीत तेथे चौकशीला उत्तर मिळणे कठीण. म्हणून ही तपासणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावी.

मुदत ठेवींचे राहिलेले प्रकरण पुढील अंकात.